टाय बदललेला दिसतो का?

प्रश्न : अकरावी-बारावीच्या मुलांना अमेरिकेतल्या बंदुकीच्या हिंसाचारावरचा मायकल मूर यांचा ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ (२००२) हा माहितीपट दाखवायचा आहे. ऑस्कर मिळूनही त्याच्या संकलनावर आक्षेप आहेत म्हणे. मुलांना नेमके काय बघायला सांगू? – एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : दोन तासांचा माहितीपट आहे, दोन दिवस ठेवा. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ मुले आणि एका शिक्षकाला मारले. त्या दिवसाचे शाळेच्या कॅंटीनमधले सीसीटीव्ही चित्रण आणि मदतीसाठी केलेल्या फोनचे आवाज यात आहेत. मुलांना आधी कल्पना द्या. ज्याला नको असेल त्याला बाहेर जाऊ द्या.

आक्षेपाची जागा त्यानंतर लगेच येते. रडणारी मुले दिसतात आणि पाठोपाठ नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, नट चार्लटन हेस्टन, बंदूक उंचावून ‘माझ्या मेलेल्या, थंड हातांतूनच ती काढून घ्या’ असे गरजतात. मग कोलंबाइनजवळच्याच डेन्व्हर शहरातली संघटनेची सभा. बघणाऱ्याला वाटते, हत्याकांडानंतर दहा-अकरा दिवसांत, तिथेच ते असे बोलले. डेन्व्हरची सभा मे १९९९ची हे खरे, पण ती गर्जना वर्षभरानंतर शार्लट शहरातली आहे. हा तुकडा दोनदा लावा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. सदरा आणि टाय बदललेले मुलांनाच सापडू द्या. वहीत तीन रकाने आखायला सांगा : काय दिसले, कुठले-कधीचे, कोणाचा आवाज. पडद्यावर तारीख-ठिकाण नसेल तर मधला रकाना कोराच ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. आवाज एकसलग चालू असताना चित्र बदलले की तिथे खूण करायची. भाषण कापून जोडलेले बहुधा तिथेच असते.

एवढ्यावरून माहितीपट खोटा ठरवू नका. अंगात गोळ्या राहिलेली दोन मुले केमार्ट या दुकानसाखळीच्या मुख्यालयात जातात, कारण त्या गोळ्या केमार्टच्याच दुकानातल्या. पिस्तुलाच्या गोळ्यांची विक्री ९० दिवसांत थांबवू, असे कंपनी तिथे जाहीर करते. कॅमेरा नसता तर केली असती का, हे मुलांना जरूर विचारा.

आपल्याकडे सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराची बंदूक परवान्याची, निवडणुकीत पोलिसांकडे जमा होणारी. तिथे १७९१च्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्क. हा फरक पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. शेजारी २०२१चा आकडाही : अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या. या निम्म्याहून अधिक मृत्यूंचे ना चित्रण असते ना सभा, म्हणून कॅमेरा तिकडे क्वचितच वळतो.