वाचकांचे प्रश्न : मानेवरचा काळेपणा मळ नव्हे

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा आहे. उंची 146 सेंमी, वजन 54 किलो, पोटाचा घेर 84 सेंमी. मान काळी पडली आहे, कितीही घासली तरी जात नाही. तपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 168, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 36, उपाशीपोटी साखर 96 आणि बीपी 112/72 आलं. साखर नॉर्मल असूनही डॉक्टरांनी मेटाबॉलिक सिंड्रोम लिहिलंय. सासूबाई म्हणतात, उंची वाढली की आपोआप सुटेल.
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, आधी मान घासणं थांबवा. घासून कातडी सोलवटेल, रंग जाणार नाही. काखेतही बघा. कातडी काळसर, जाड आणि हाताला मखमलीसारखी लागत असेल, तर रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण आहे. पोटाभोवती चरबी साठली की पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन ओतून साखर ताब्यात ठेवतं. तुमच्या रिपोर्टमधली 96 ही साखर अशी राबून राखलेली असू शकते. म्हणून त्या एका आकड्यावर निर्धास्त राहू नका.

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे पोटाची चरबी आणि रक्तातली चरबी, साखर, बीपी यांतले बिघाड एकत्र येणं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2007 च्या निकषांनुसार 10 वर्षांपासून 16 च्या आतल्या मुलात पोटाचा घेर वयाच्या मानाने जास्त हवा आणि चारपैकी दोन गोष्टी हव्यात : ट्रायग्लिसराइड 150 किंवा वर, एचडीएल 40 च्या खाली, बीपी वरचं 130 किंवा खालचं 85 वा त्याहून जास्त, उपाशी साखर 100 किंवा वर. तुमच्या मुलात पहिल्या दोन आहेत. घरच्या घरी मोजायचं तर घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, म्हणजे 73 च्या आत. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडल्यावर आकडा वाचा. बेंबीखाली, पँटच्या पट्ट्यावर मोजलं की आकडा फसवतो.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. उंची मदत करेल, पण वजन थांबलं तरच. वजन 54 वरच ठेवून उंची 152 झाली, तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 25.3 वरून 23.4 वर येतो. त्यामुळे उपाशी ठेवू नका, भात-पोळी तोडू नका. उंची वयाला साजेशी असल्याने थायरॉइडचा संशयही कमी होतो. थायरॉइड बिघडलं की बहुधा उंचीच खुंटते.

ट्रायग्लिसराइड वाढलं की घरात पहिली गदा तुपावर येते. खरं तर जास्तीच्या साखरेचं आणि मैद्याचं यकृत चरबीत रूपांतर करतं, तेव्हा आधी पेयं बंद करा. फळांच्या पेयाच्या खोक्यावर 100 मिलीला 12 ग्रॅम साखर लिहिली असेल, तर 200 मिलीत 24 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाच चमचे. दुधात घालायची चॉकलेट पावडरही त्यातच धरा. क्लासला जाताना वडापाव किंवा बिस्किटांऐवजी घरूनच मटकीची उसळ-पोळी, नाहीतर उकडलेलं अंडं खाऊन निघू दे. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर. हे सगळं घरातल्या सगळ्यांसाठी. एकट्या मुलाचं ताट वेगळं काढलं की तो चोरून खायला लागतो.

रोज तासभर दम लागेल असं खेळणं हवं. उपवन तलावाला आजोबांबरोबर रमतगमत फेरी मारली, तर ती छानच, पण त्या तासात धरू नका. झोप किमान 9 तास. रात्री घोरत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. यकृतासाठी एसजीपीटी ही रक्ततपासणी आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए1सी झाली नसेल तर करून घ्या. इन्सुलिनची महागडी तपासणी सहसा लागत नाही. तीन महिन्यांनी घेर, सहा महिन्यांनी रक्त पुन्हा. मान सगळ्यात शेवटी उजळते, धीर सोडू नका.

प्रश्न : मुलगी 9 वर्षांची, वजनदार. घरच्या मशीनवर बीपी कधी 128, कधी 108 येतं.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : दोष बहुधा दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या 40 टक्के हवी. पट्टा लहान पडला की बीपी खोटं जास्त येतं, मोठा झाला की खोटं कमी. पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसवा, एक-एक मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजा आणि आकडे वहीत लिहून बालरोगतज्ज्ञांकडे न्या. मुलांचं बीपी वय आणि उंची पाहून तक्त्यावर ठरतं, मोठ्यांच्या 120/80 वर नाही.