उंची आणि घोगरा आवाज यामुळे लोक मला घाबरतात. मित्र कसे जोडू?

मी सहा फूट दोन इंच, तालमीतला, कान मोडलेले (कुस्तीत कानाच्या कूर्चेवर रक्त साकळलं आणि वेळेत उपचार झाले नाहीत, की कान कायमचा फुगतो). पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा मी लिफ्टमध्ये शिरलो की गप्पा बंद. मुद्दाम हसून बघितलं, तर म्हणे अजूनच भीती वाटायची!

कामाला आलं ते बसणं. आपण उभे असलो की समोरच्याला मान वर करून बोलावं लागतं. टपरीच्या बाकड्यावर, हातात कटिंग घेऊन बसलो की तोच माणूस मोकळा व्हायचा. टपरी आणि वेळ रोज तीच ठेवा. चेहरा वारंवार दिसला की आवडू लागतो, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच दाखवलंय. घोळक्यात घुसू नका, एकेकट्याला गाठा. (‘गाठा’ हा शब्द आपल्या बाबतीत जरा जपूनच!)

आणि छोटी मदत मागा. मी शेजारच्या टेबलावरच्याला विचारलं, “एक्सेलमध्ये वरची ओळ फ्रीझ कशी करायची हो?” आधी दचकला, मग खुर्ची ओढून शेजारी बसला. आता रविवारचे पोहे त्याच्याच घरी असतात, आणि त्याची धाकटी माझे कान दाबून बघते.