कंडेन्सर बदलला, तरी वारा लागेना

उन्हाळ्याच्या तोंडावर घरातल्या यंत्रांबद्दलचे प्रश्न वाढतात. या वेळी बहुतेक वाचकांनी आधी व्हिडिओ बघून स्वतः हात घातला आणि अडल्यावर विचारलं. हात घातला ते चांगलंच केलं. पण जवळपास प्रत्येक प्रश्नात एक गोष्ट सारखी आहे: भाग कसा बदलायचा ते व्हिडिओने दाखवलं, बिघाड त्याच भागात आहे का हे मात्र कुणी तपासलं नाही.

प्रश्न : पंखा पाच नंबरवरही संथ फिरायचा. व्हिडिओ बघून २.५ मायक्रोफॅरॅडचा नवा कंडेन्सर बसवला. आता पंखा उलटा फिरतो आणि वारा लागत नाही. कंडेन्सर खराब निघाला का? (इंदिरानगर)

कंडेन्सर चांगला आहे, वायर चुकीच्या टोकाला गेली आहे. वाइंडिंगमधून, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीतून, तीन वायरी बाहेर येतात: कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग. रनिंग आणि स्टार्टिंगच्या मध्ये कंडेन्सर असतो. लाइनची एक वायर कॉमनला आणि दुसरी कंडेन्सरच्या रनिंगकडच्या टोकाला लागते. ती स्टार्टिंगकडे लागली की पंखा उलटा फिरतो आणि वाइंडिंगही तापतं. व्हिडिओतले वायरींचे रंग तुमच्या पंख्यात तसेच असतील असं नाही, कंपनीगणिक ते बदलतात. म्हणून रंगावर जाऊ नका, मोजा.

मोजण्याआधी एमसीबी खाली करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत काय किंवा सिडकोतल्या सुरुवातीच्या घरांत काय, बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं सापडू शकतं. तसं असेल तर पंखा थांबतो, पण वायरीत वीज राहतेच. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो याची खात्री करा आणि मगच पंख्याच्या वायरीला लावा. त्यानंतर स्क्रू ड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ धरून त्याचं लोखंडी टोक कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना एकदम टेकवा, म्हणजे साठलेला चार्ज निघून जाईल.

आता कंडेन्सर सोडवा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि वायरींच्या तिन्ही जोड्या मोजा. समजा १५०, २०० आणि ३५० असे आकडे आले. सर्वांत मोठा आकडा नेहमी बाकी दोघांची बेरीज असतो. तो ज्या दोन वायरींत आला, त्यांच्यात कंडेन्सर लावायचा. उरलेली तिसरी कॉमन. बहुतेक पंख्यांत कॉमनपासून कमी आकडा दाखवते ती रनिंग. जोडून झालं की एकदा चालवून बघा. फिरताना पात्याची वर उचललेली कड पुढे असली, तर हवा खाली येते. उलट दिसलं, तर लाइन कंडेन्सरच्या दुसऱ्या टोकाला घ्या.

मुळात पंखा संथ का होता हा प्रश्न उरतोच. कंडेन्सर मोजता येणारा मीटर असेल तर जुना मोजून बघा. २.५ चा कंडेन्सर २.२ च्या खाली गेला असेल तर दोष त्याचाच. तो नीट निघाला तर पंखा बंद असताना पातं हाताने ढकला. चांगलं बेअरिंग निवांत बरेच फेरे घेतं. खरखर करून दोन फेऱ्यांत थांबलं तर बेअरिंग गेलं. ते खेचून काढायला पुलर लागतो. हातोडीने ठोकून काढताना शाफ्ट वाकतो, म्हणून ते काम वाइंडिंगवाल्याकडे द्या. वेग वाढावा म्हणून ३.१५ किंवा ४ चा कंडेन्सर लावायला सांगणारे व्हिडिओ आहेत, त्यांचं ऐकू नका. काही दिवस पंखा जोरात फिरेल, पण वाइंडिंग तापून जळू शकतं. नवा कंडेन्सर ४४० व्होल्टचाच घ्या. तुमचा पंखा रिमोटवरचा, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी असता तर त्यात हा कंडेन्सरच नसता, तिथे सर्किट बोर्ड बघावा लागतो.

आणि पंखा खाली उतरवला असेल तर परत टांगताना रॉडच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बोल्टांना कॉटर पिन घातली का, ते बघा. पिन घालून तिचे पाय फाकवायचे असतात. कॅनोपी (रॉडवरची झाकणाची वाटी) वर सरकवली की पिन राहिली हे दिसत नाही. रोजच्या थरथरीने नट सुटत जातो आणि एक दिवस पंखा खाली येतो. कंडेन्सरचं काम चुकलं तर पंखा नीट फिरत नाही एवढंच, पिन चुकली तर खाली माणूस झोपलेला असतो.

प्रश्न : बोअरच्या पाण्यावर २५ लिटरचा गिझर आहे. चालू केल्यावर दहा-बारा मिनिटांनी ईएलसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारं बटण) पडतो. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे एलिमेंट मोजला, २६ ओहम आला, म्हणजे एलिमेंट चांगला. मग ईएलसीबीच सदोष समजून काढून टाकावा का? (पाथर्डी फाटा)

काढू नका. गिझर आणि तुमच्या अंगावरचं पाणी यांच्यामध्ये जीव वाचवणारी तेवढी एकच वस्तू आहे.

२६ ओहमने एवढंच कळतं की आतली तार तुटलेली नाही. २,००० वॉटच्या एलिमेंटला २३० व्होल्टवर हिशेबाने साधारण तेवढाच आकडा येतो. गळती तारेत नसते, तारेभोवतीच्या नळीत असते. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळीवर बसतो. त्यातून उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी नको तितकी तापते आणि तिला बारीक चीर जाते. थंड असताना चीर मिटलेली, तापली की उघडते, म्हणून ईएलसीबी दहा मिनिटांनी पडतो. धरणाचं नळाचं पाणी वापरणाऱ्या घरांत हा त्रास बराच उशिरा येतो.

हे तपासायला एलिमेंटच्या पिनपासून गिझरच्या धातूच्या अंगापर्यंत मोजावं लागतं. साधा मीटर बॅटरीच्या काही व्होल्टवर मोजतो, त्याला ही गळती दिसेलच असं नाही. वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर (गळती मोजणारा मीटर) असतो, त्यावर दोन मिनिटांत कळतं. मेगर मिळाला नाही, तर एमसीबी बंद करून एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवा, टोकांना टेप गुंडाळा, झाकण लावा आणि मग वीस मिनिटं चालू ठेवा. ईएलसीबी टिकला तर दोषी एलिमेंटच.

बदलताना वीज बंद, आतलं पाणी थंड झालेलं आणि थंड पाण्याचा कॉक बंद, एवढी खात्री करून टाकी रिकामी करा. नव्या एलिमेंटबरोबर नवा रबरी गॅस्केट आणि मॅग्नेशिअमचा ॲनोड रॉडही घ्या. जुना रॉड झिजून सळईएवढा उरला असेल, तर टाकीला गंज लागायची वेळ आलेली असते. टाकीतला क्षार लोखंडी खरवडणीने खरवडू नका, आतलं काचेचं अस्तर फुटतं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून ते दोन तास आत राहू द्या. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, एकाच बाजूने आवळले की गॅस्केट तिरका बसून गळतो.

शेवटी कॉक उघडा, गरम पाण्याचा नळ सोडा आणि हवेचे फुसके संपून सलग धार येईपर्यंत थांबा. त्यानंतरच वीज. रिकाम्या टाकीत नवा एलिमेंट बघता बघता जळतो, आणि त्याला वॉरंटीही मिळत नाही.

प्रश्न : मिक्सरची मोटर फिरते, भांड्यातलं पातं फिरत नाही. कपलरचे दात झिजलेत. व्हिडिओत तो हाताने सुटतो, आमचा पक्कड लावूनही हलत नाही. (पंचवटी)

दिशा चुकते आहे. चालताना भांड्याच्या ओझ्याने कपलर आपोआप आवळला जावा, अशा बेताने त्याचे आटे पाडलेले असतात. म्हणून शाफ्ट धरून ठेवून कपलर मोटर फिरते त्याच दिशेने फिरवला की सुटतो. प्लग काढा, मिक्सर उलटा करून खालचं झाकण उघडा. बऱ्याच मिक्सरांत शाफ्टच्या खालच्या टोकाला खाच असते, तिथे स्क्रू ड्रायव्हर अडकवला की शाफ्ट फिरत नाही. दुकानात जाताना जुना कपलर बरोबर न्या, दातांची संख्या आणि उंची जुळायला हवी.

पण आधी भांड्याचं पातं हाताने फिरवून बघा. काळा मसाला आणि सुकं खोबरं वाटून बुशमध्ये (पात्याची दांडी ज्यात फिरते त्या नळीत) तेल आणि कीस अडकतो, पातं जड होतं आणि कपलर त्याच ताणाने झिजतो. बुश न बदलता कपलर बदललात, तर तोही फार दिवस टिकणार नाही.

प्रश्न : परदेशी व्हिडिओ जास्त नीट समजावतात. ते बघून दुरुस्ती करावी का? (नाशिकरोड)

यंत्राची रचना समजून घ्यायला जरूर बघा, वायरींसाठी नको. अमेरिकेत काळी वायर फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे घरांच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. म्हणजे तिथली जिवंत वायर इथे न्यूट्रलच्या रंगाची. नव्या उपकरणांच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. शिवाय तिथे घरगुती सॉकेटला १२० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०. शोधताना यंत्राच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाका आणि काम सुरू करण्याआधी व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. अवघड जागा बहुधा शेवटी, झाकण परत बसवताना येते.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. व्हिडिओत बाहेरचं कव्हर काढायला सांगितलंय. (सातपूर)

कव्हर काढू नका. आतल्या कंडेन्सरवर २,००० व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. पंख्याच्या कंडेन्सरची युक्ती इथे जिवावर बेतेल.

तुमचं काम कदाचित कव्हर न काढताच होईल. प्लग काढा आणि आतल्या, बहुधा उजव्या भिंतीवरचा पुठ्ठ्यासारखा मायका शीट बघा. तेल उडून तो एका जागी काळा पडला असेल तर ठिणग्या तिथूनच येतात. एखादा स्क्रू किंवा खाच सोडवली की तो निघतो. सुटा मायका शीट विकत मिळतो. जुना त्यावर ठेवून पेन्सिलने आखा, कात्रीने कापा, मागची भिंत ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या आणि मग बसवा. भिंतीचा रंग उडून पत्र्याला भोक पडलं असेल, तर मात्र तो ओव्हन पुन्हा लावू नका.