सांघिक बुद्धिबळात गँबिट कोणी खेळावे?

प्रश्न : सुदामानगरातील आमच्या मंडळाचा चार पटांचा संघ दरवर्षी सांघिक स्पर्धेत उतरतो. गेल्या वर्षी आमचे बहुतेक सामने दोन-दोन अशा बरोबरीत सुटले. यंदा चौघांनीही सुरुवातीलाच प्यादे देऊन हल्ला चढवावा, असा मुलांचा आग्रह आहे. आपले मत काय?
– एक प्रशिक्षक, इंदूर

उत्तर : मुलांची ही धडाडी मला मनापासून आवडली, तरीही चारही पटांवर एकदम गँबिट, म्हणजे सुरुवातीलाच प्यादे देऊन हल्ल्याची संधी साधणारा डाव, खेळण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. चार पटांच्या सामन्यात अडीच गुण झाले की सामना आपला. म्हणजे तिघांनी बरोबरी राखली आणि एकाने डाव जिंकला, तरी भागते. उलट हल्ला फसून एक डाव हातचा गेला, तर उरलेल्या तिघांपैकी दोघांना जिंकावेच लागते आणि तिसऱ्याला हरून चालत नाही. म्हणून गँबिटची जबाबदारी पांढरी मोहरी असलेल्या एकाच खेळाडूकडे द्यावी. काळ्याकडून लॅटव्हियन गँबिटसारखे प्रयोग सांघिक सामन्यात नकोतच, कारण काळा मुळातच एक चाल मागे असतो.

खेळाडू निवडताना केवळ धाडस पाहू नये. प्यादे दिल्यानंतर काही चाली पटावर ठोस असे काहीच हाती लागत नाही. त्या काळात जो शांतपणे मोहरी बाहेर काढत राहतो आणि दिलेले प्यादे परत मिळवण्यासाठी धावत नाही, तोच या कामाचा.

त्याला मी इव्हान्स गँबिट शिकवीन. (पुढील अक्षर-अंक म्हणजे पटावरील घर; मोहऱ्याचे नाव नसेल तिथे चाल प्याद्याची.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ यानंतर पांढरा ४. बी४ खेळून प्यादे पुढे करतो. काळ्या उंटाने ते घेतले की ५. सी३ या चालीने त्याला हुसकावता येते आणि पाठोपाठ डी४ खेळून मध्यभाग ताब्यात घेता येतो. एका प्याद्याच्या मोबदल्यात वेळ, मध्यभाग आणि एफ७ या नाजूक घरावर रोखलेला उंट, असा हा रोकडा व्यवहार आहे. १९९५ साली रिगा येथे जगज्जेत्या कास्पारोव्हने याच गँबिटने आपल्या आनंदला अवघ्या २५ चालींत हरवले होते. त्या डावात आनंदने उंट ई७वर मागे घेतला होता. मुलांकडून हा डाव पटावर मांडून घ्यावा, कारण त्यात मात देण्याची घाई कुठेच नाही, दाब मात्र क्षणभरही सैल होत नाही.

डॅनिश गँबिट दिसायला अधिक आकर्षक आहे, कारण त्यात दोन प्यादी देऊन दोन्ही उंट काळ्याच्या राजाकडे रोखले जातात. तथापि तयारीचा प्रतिस्पर्धी पाचव्या चालीला डी५ खेळून मिळालेले परत करतो आणि पुढील अचूक चालींनंतर दहाव्या चालीपर्यंत दोन्ही वजीर पटावरून जाऊन बळ समसमान होते. विजयाच्या ईर्ष्येने बसलेल्या मुलाला डावाचा असा कोरडा अखेरचा टप्पा खेळावा लागणे मला इष्ट वाटत नाही.

क्रमवारी कशी ठरते, हेही आयोजकांना आधीच विचारून घ्यावे. ऑलिम्पियाड या देशांच्या संघांच्या स्पर्धेत २००८पासून सामन्यांचे, म्हणजे संघाच्या जय-पराजयाचे, गुण आधी धरतात, पूर्वी प्रत्येक पटावर मिळालेल्या गुणांची बेरीज पाहत असत. आपल्या स्पर्धेत बेरीज धरत असतील, तर दुबळ्या संघाविरुद्ध दोन पटांवर गँबिट खेळवण्यास हरकत नाही.

प्रश्न : सामना चालू असताना कर्णधार खेळाडूला ‘आता हल्ला कर’ असे सांगू शकतो का?
– एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : नाही. पटावरील स्थितीविषयी कर्णधाराने चकार शब्द काढता कामा नये. सामन्याची एकूण परिस्थिती पाहून बरोबरीचा प्रस्ताव द्यावा, स्वीकारावा किंवा डाव सोडावा, एवढाच थोडक्यात सल्ला तो देऊ शकतो. त्यामुळे गँबिट कोण खेळणार, हे मोहरी मांडण्यापूर्वीच ठरलेले असावे.