वाचकांचे प्रश्न : कोकणातली खासगी जंगलं

कोकणातल्या जंगलतोडीवर आलेल्या पत्रांतले सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सरकारी अहवाल म्हणतो जंगल वाढतंय, आणि आमच्या रस्त्यावरून पावसाळा सोडला तर रोज लाकडाचे ट्रक जातात. खरं काय समजायचं? (देवरुख)

दोन्ही खरं आहे. अहवालातलं ‘वनाच्छादन’ वेगळं आणि तुम्ही ज्याला जंगल म्हणता ते वेगळं. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून मोजणी करते. किमान एक हेक्टर जागेत झाडांच्या शेंड्यांनी १० टक्के जमीन झाकली की ती वनाच्छादनात धरली जाते. जमीन कोणाची, झाड कोणतं, लावलेलं की आपसूक उगवलेलं, हे पाहत नाहीत. त्यामुळे हापूसची कलमं, काजूची बाग, दोडामार्गातलं रबर, सगळं एकाच बेरजेत येतं. २०२३ च्या अहवालातले देशाचे २१.७६ टक्के याच हिशोबाचे आहेत. रत्नागिरी जिल्ह्याचं वनाच्छादन निम्म्याच्या आसपास भरतं, आणि त्यात वनखात्याची जमीन नाममात्र आहे.

म्हणून बेरीज सोडा आणि घनतेचे रकाने वाचा : ७० टक्क्यांच्या वर अतिदाट, ४० ते ७० मध्यम दाट, १० ते ४० विरळ. ६५ टक्के झाकलेला डोंगर १५ टक्क्यांवर आला तरी बेरजेतून एक गुंठाही कमी होत नाही, तो फक्त एका रकान्यातून दुसऱ्यात सरकतो.

प्रश्न : आता घरोघरी गॅस आहे. मग लाकूड लागतं कोणाला, आणि लोक जंगल विकतात तरी का? (लांजा)

चुलीनं कोकणातलं जंगल संपवलं नाही. चुलीला सुकी काटकी जाते, राबाला (भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला) कवळ, म्हणजे पानांसकट छाटलेल्या फांद्या, जाते. फांद्या छाटल्या तरी झाड जगतं. खरं गिऱ्हाईक दुसरीकडे आहे : घाटावरच्या कारखान्यांचे बॉयलर, वीटभट्ट्या, कोळशाच्या भट्ट्या आणि खैरासाठी कातवाले. मातीच्या भट्टीत एक किलो कोळशाला साधारण पाच ते सात किलो लाकूड जळतं, त्यामुळे कोळशाचा एक ट्रक दिसला की मागे किती डोंगर मोकळा झाला याचा अंदाज करा.

विकण्याचं कारण बहुतेकदा सातबाऱ्यावर सापडतं. वीस-पंचवीस सामायिक नावं, त्यातली निम्मी मुंबईत. उभ्या जंगलातून दरवर्षी कोणाच्याच हातात काही पडत नाही, आणि व्यापारी एकदाच रोख मोजतो. सौदा उक्ता होतो, म्हणजे झाडं न मोजता अख्ख्या डोंगराचा एकच आकडा ठरतो. मालक सर्वांत जास्त फसतो तो इथेच.

विकायचंच असेल तर मोजून विका. ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्या, घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून लांबीने गुणा. १२० सेंमी घेर, ४ मीटर लांबी : ०.३० × ०.३० × ४ = ०.३६ घनमीटर. बाजारात ही पद्धत चालते, पण गोल ओंडक्यात प्रत्यक्ष लाकूड ०.४६ घनमीटर असतं. म्हणजे मोजूनही सव्वापटीहून थोडं जास्तच लाकूड समोरच्याला जातं. भाव ठरवताना हे ध्यानात ठेवा.

साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगी लागते. वाहतुकीचा परवाना त्याहून वेगळा. ‘सगळं मी बघतो’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याकडून दोन्ही कागदांच्या प्रती घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नका, कारण सातबारा तुमच्या नावावर आहे.

प्रश्न : आमच्याकडचं जंगल तोडलं की पुन्हा फुटतं. आजोबांनीही तोडलं होतं. मग एवढी ओरड कशाला? (राजापूर)

आजोबांच्या वेळी कुऱ्हाड होती आणि दोन तोडींमध्ये वीस-पंचवीस वर्षं जात. ऐन, किंजळ, खैर, साग खोडापासून जोमानं फुटतात हे खरं, पण खालच्या अटींवर.

तोड पानगळीच्या दिवसांत, फार तर फेब्रुवारीपर्यंत उरकावी. त्या वेळी अन्नाचा साठा मुळांत असतो आणि पावसात फुटव्याला तोच पुरतो. पावसाळ्यात तोडलेलं खोड कुजतं. काप जमिनीपासून १५ सेंमीच्या आत, तिरका आणि साल न सोलता घ्यावा. फुटव्याचे डोळे (कोंब) सालीखाली असतात, साल उचकटली की ते सुकतात. गुडघाभर उंच खुंट ठेवला तर फुटवे वरच्या टोकाला येतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षी वाऱ्यानं ओरबाडले जातात. खाली आलेला फुटवा स्वतःची मुळं धरतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका खुंटावर दोन-तीन सरळ फुटवे राखून बाकीचे काढा. पहिली तीन वर्षं शेळ्या बंद, आणि जानेवारीअखेर सीमेवर ३ ते ४ मीटर रुंद जाळपट्टा (वणवा अडवणारी मोकळी पट्टी) साफ हवा. एक वणवा दोन वर्षांची वाढ खातो.

आता बिघडतं ते दोन ठिकाणी. आठ-दहा वर्षांतच पुन्हा तोड लागली की मुळांतला साठा भरतच नाही, प्रत्येक खेपेला फुटवे बारीक होतात, आणि झाडं बी धरण्याआधीच पडत असल्याने नवी रोपंही येत नाहीत. दुसरं म्हणजे जेसीबी. खुंट उपटला की फुटायला काही उरतच नाही. लाकूड तोडल्यानं जितकं नुकसान होतं, त्याच्या अनेक पट या एका कामानं होतं, असं आमचं मत आहे.

फुटव्यांचं जंगल कितीही दाट झालं तरी ते जुन्या जंगलाची जागा घेत नाही. धनेश पक्ष्याला घरट्यासाठी जुन्या बेहड्यासारख्या झाडातली मोठी ढोली लागते, वीस वर्षांच्या फुटव्यात ती कुठून येणार? हेक्टरी पंचवीस-तीस थोराड झाडं व्यवहारातून आधीच वगळा आणि त्यांना चुन्याचा पट्टा मारून ठेवा.

प्रश्न : वरचा डोंगर तोडल्यापासून मे महिन्यापर्यंत चालणारा झरा फेब्रुवारीतच आटतो. चर खणले तर परत येईल का? (संगमेश्वर)

पाऊस कमी झालेला नाही. हेक्टरभर जमिनीवर १०० मिमी पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी होतं, आणि कोकणात वर्षाला असे तीस-पस्तीस हप्ते येतात. बदलली ती वेळ. पाचोळा आणि मुळांच्या पोकळ्या असताना पाणी जांभ्यात मुरायचं आणि खालच्या चिकण थराला अडून सावकाश बाहेर यायचं. उघड्या जमिनीवर थेंबांच्या माऱ्यानं वरची भोकं बुजतात आणि तेच पाणी तासाभरात वहाळाला लागतं. जाताना माती नेतं. हेक्टरवरून फक्त एक मिमी थर गेला तरी ती १० घनमीटर, म्हणजे १२ टनांच्या आसपास माती झाली. पुढे तीच नदीच्या डोहात गाळ होऊन बसते.

पण दोष तोडीवर टाकण्याआधी वरच्या अंगाला नवी बोअरवेल, चिऱ्याची खाण किंवा रस्त्यासाठी कापलेली दरड आहे का ते पाहा. या तिन्हींनी झऱ्याची वाट तुटते आणि मग झाडं लावून उपयोग होत नाही. डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी २० लिटरची बादली भरायला लागणारे सेकंद लिहून ठेवा. ४० सेकंद लागले तर मिनिटाला ३० लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. अशी दोन-तीन वर्षांची वही असली तरच उपाय लागू पडला की नाही ते कळतं.

चर मंद उतारावर खणा, ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल, पाणपातळीच्या नळीनं समतल आखून. तीव्र उतार आणि खाली जाड माती असेल तर अजिबात नको. मुरलेल्या पाण्यानं मातीचं वजन वाढतं आणि दरड सुटते. खुंट उपटलेल्या डोंगरावर हा धोका लगेच दिसत नाही. मेलेली मुळं तीन-चार वर्षांनी कुजायला लागली की मातीची पकड जाते, आणि तोवर तोड लोक विसरलेले असतात. जिवंत खुंट असलेल्या जागी चरांपेक्षा फुटव्यांना राखण देणं स्वस्त आणि बिनधोक.

प्रश्न : रबर आणि काजू हीही झाडंच ना? (दोडामार्ग)

झाडंच आहेत, पण खालची जमीन झाडून ठेवलेली असते. उंच पानांवरून गळणारा मोठा थेंब उघड्या मातीवर पावसाच्या थेंबाहून जोरात आदळतो. तणनाशक बंद करून खाली गवत-झुडूप राहू दिलं तरी धूप बरीच थांबते. आणखी एक : तोडीची परवानगी म्हणजे लागवडीची परवानगी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानं जंगल शब्दाचा कोशातला अर्थ धरला, मालकी कोणाचीही असो. अशा जमिनीचा वनेतर वापर करायचा तर केंद्राची मंजुरी लागते.

प्रश्न : जंगल परत आलं तर माकडं बागेतून जातील का? (कुडाळ)

लवकर नाही. रानातल्या फळांपेक्षा बागेत कमी कष्टात जास्त खाणं मिळतं हे त्यांना कळून चुकलं आहे. उंबर, जांभूळ, करवंद बांधावर राखा, पण बागेची राखण सोडू नका.