चेहऱ्यासमोर चेहरा: पाच मिनिटांचा भावनांचा खेळ

परदेशातल्या पाळणाघरात दिवसभर दुसरी भाषा ऐकणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला राग, रुसवा, भीती हे शब्द मराठीत मिळणार ते घरातच. त्यासाठी भावनांची चित्रकार्डं आणू नका. कार्डावरचा चेहरा मुलाकडे पाहून बदलत नाही, तुमचा बदलतो.

मुलाला समोर तोंड करून मांडीवर घ्या किंवा दोघंही जमिनीवर बसा. डोळे एका पातळीत, अंतर हातभर. टीव्ही बंद. खिडकी तुमच्या पाठीशी असली तर चेहरा काळा दिसतो, म्हणून उजेड तुमच्या तोंडावर येऊ द्या.

सुरुवात भॉकने करा. ओढणीआड लपा, दोन सेकंद थांबा, हसत बाहेर या. दोन-चार वेळा असं झालं की ओठ खाली ओढून बाहेर या: "बाबाला वाईट वाटलं." आता गप्प बसा, मनात पाच आकडे मोजा. नेमकं इथेच मोठ्यांना राहवत नाही आणि ते पुढचं वाक्य बोलून टाकतात. लहान मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. त्याने गालाला हात लावला, खेळणं पुढे केलं की लगेच चेहरा खुलवा: "आता बरं वाटलं!" आपल्या करण्याने समोरचा बदलतो, हे त्याला कळणं म्हणजेच हा खेळ.

म्हणूनच खोटं रडणं लांबवू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगात आईने चेहरा थोडा वेळ निर्विकार ठेवला, तर तान्ही बाळं आधी हसून, हातवारे करून पाहत, मग अस्वस्थ होऊन तोंड फिरवत. तुमच्या मुलाचा ओठ थरथरला, त्याने मान वळवली, की खेळ थांबवून जवळ घ्या.

एका बैठकीत दोनच भावना. आधी हसू आणि वाईट वाटणं, मग राग. भीती बरीच नंतर. आकांडतांडव चालू असताना "राग दाखव" म्हणू नका. तेव्हा कारणासकट एकच वाक्य पुरे: "गाडी काढून घेतली म्हणून राग आला." मूल "सॅड" म्हणालं तर चूक काढू नका. "हो, वाईट वाटलं ना?" एवढंच म्हणा.

व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे लपाछपीची वेळ चुकते. आजीला फोन डोळ्यांसमोर उभा ठेवायला सांगा आणि आजी जो भाव करते तोच तुम्ही मुलाशेजारी बसून करा.

वर्षाचं मूल हाकेला किंवा हसण्याला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचं बोटाने काही दाखवत नसेल, तर तिथल्याच बालरोगतज्ज्ञांना विचारा. भारतभेटीची वाट पाहू नका.