पावसात, समुद्राकाठी सायकल

प्रश्न : जुन्या मैत्रिणीसोबत समुद्राकाठच्या रस्त्यावर भर पावसात दोन तास सायकल चालवली. दुसऱ्या दिवशी चेनवर तांबूस गंज दिसला, आणि ब्रेक दाबला की खरखर येते. ब्रेक रिमचे, म्हणजे चाकाची धातूची कड दाबणारे, आहेत. पुन्हा जायचं आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : जरूर जा. पावसाने चेनवरचं तेल धुऊन जातं, उघड्या पोलादावर खारे तुषार बसतात आणि एका रात्रीत गंज धरतो. म्हणून परतल्यावर लगेच सायकल गोड्या पाण्याने धुवा. बादली-मग पुरे. जोराचा फवारा नकोच, त्याने पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. चेन फडक्यात धरून पेडल उलटं फिरवा, फडकं कोरडं निघेपर्यंत. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर (कडीतल्या छोट्या फिरत्या नळीवर) एकच थेंब तेल सोडा, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाका. बाहेर राहिलेल्या तेलाला वाळू चिकटते आणि ती चेन न्‌ दाते दोन्ही घासते.

खरखर बहुधा ब्रेकच्या रबरात रुतलेल्या वाळूची आहे. चाक काढून रबर उजेडात धरा. चकाकणारे कण सुईने उकरून काढा. तसेच राहिले तर रिम कोरली जाते, आणि रबर बदलणं सोपं, रिम नव्हे.

ओल्या रिमवर चाकाचे पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, मग ब्रेक धरतो. त्यामुळे उतारावर आधीपासून हलका ब्रेक लावत राहा. मैत्रिणीच्या अगदी मागे राहू नका, चार-पाच सायकलींचं अंतर ठेवा. गप्पा मारा, पण थांबल्यावर!